“आम्हाला कुणी सांगितलंच नाही”: टॉवेलच्या कारखान्यात निरोप कुठे हरवतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा कारखाना, चाळीस माग, दोन पाळ्या, वार्पिंगपासून (ताण्याचे धागे बीमवर, म्हणजे रुळावर, गुंडाळण्यापासून) पॅकिंगपर्यंत शंभरेक माणसं. नव्याने आलेले प्रॉडक्शन मॅनेजर विचारतात: “सकाळच्या मीटिंगमध्ये सांगतो, ग्रुपवर टाकतो, नोटीसही लावतो. तरी माल चुकला की जो तो म्हणतो, आम्हाला कुणी सांगितलंच नाही. रात्रपाळीत तर हमखास. अजून काय करायचं? बरेच जण घरी तेलुगू बोलतात, नोटिसा तेलुगूत काढाव्यात का?”

अजून काही करू नका, आधी कमी करा. एकच गोष्ट तीन ठिकाणी सांगितली की ती तीन वेगवेगळ्या शब्दांत सांगितली जाते. मीटिंगमध्ये “वजन वाढवायचंय”, ग्रुपवर “५०० करा”, नोटिशीवर “सुधारित जीएसएमनुसार उत्पादन घ्यावे” (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन). ऐकणाऱ्याला हे तीन निरोप वाटतात आणि त्यातला त्याला सोयीचा तो धरून चालतो. कामगार खोटं बोलतायत असंही धरू नका. बहुतेक वेळा त्यांच्या कानावर काहीतरी पडलेलं असतं, फक्त ते आपल्या मागाला, आपल्या टेबलाला लागू आहे हे कुणी जोडून दिलेलं नसतं.

एक निरोप सुरुवातीपासून शेवटपर्यंत उलगडून बघू, म्हणजे गळती कुठे आहे ते दिसेल.

७० बाय १४० सेंटिमीटरचा बाथ टॉवेल, ४५० जीएसएम, सहा हजार नगांची ऑर्डर, तीन हजार विणून झालेत. खरेदीदाराचा मालकांना फोन येतो. मालक जाता जाता तुम्हाला सांगतात, “वजन वाढवा, पाचशे करा.” तुम्ही तेच वाक्य पुढे ढकलता.

पाचशे काय? टॉवेलचं क्षेत्रफळ ०.९८ चौरस मीटर. ४५० जीएसएमला नग भरतो ४४१ ग्रॅम, ५०० जीएसएमला ४९० ग्रॅम. पण चेकिंगच्या टेबलावर ज्याच्यासमोर काटा आहे त्याच्या लेखी पाचशे म्हणजे पाचशे ग्रॅमचा नग, म्हणजे ५१० जीएसएम. फरक नगामागे दहा ग्रॅमचाच, पण तीन हजार नगांना तीस किलो सूत फुकट गेलं. शिवाय आपल्याकडे बरेच जुने लोक डझनावर बोलतात. त्यांना ५.८८ किलो डझन सांगितलं तर लगेच कळतं, ५०० जीएसएम सांगितलं तर ते मनात गणित करत बसतात आणि सोयीने सहा किलो धरतात. हे वजन मागावरून उतरलेल्या ग्रे, म्हणजे न धुतलेल्या, मालाचं की धुऊन तयार झालेल्या मालाचं, हेही कुणी सांगितलेलं नाही. सायझिंगची, म्हणजे विणण्याआधी ताण्याला लावलेली, खळ धुण्यात निघून जाते, त्यामुळे ही दोन वजनं कधीच एक नसतात.

आता हा बदल कुणाकुणाच्या हातातलं काम बदलतो ते बघा. मीटिंगमध्ये समोर उभे असतात विणकर, पण पाइलची (टॉवेलवरच्या धाग्याच्या फाशांची) उंची वाढवणार जॉबर, म्हणजे माग लावून देणारा कारागीर. पाइल वाढली की पाइलचा ताणा (उभे धागे) जास्त खपतो, म्हणजे पाइल बीम हा ग्राउंड बीमच्या, म्हणजे पायाच्या कापडाच्या ताण्याच्या बीमच्या, आधी संपणार. हे वार्पिंगला आधी कळलं नाही तर ग्राउंड बीमवर ताणा शिल्लक आणि पाइल बीम रिकामा, अशा अवस्थेत माग उभा राहतो. डाइंगमध्ये रंगाचं माप मालाच्या वजनाच्या टक्क्यांवर असतं. डाइंगवाल्याने नग मोजून जुन्या वजनाने गुणलं तर रंग दहा टक्क्यांच्या आसपास कमी पडतो, शेड फिकी येते, आणि दोष मात्र रंगाच्या लॉटवर जातो. पॅकिंगमध्ये टॉवेल जाड झाला म्हणून जुन्या कार्टनात तितके नग बसत नाहीत. स्टोअरला साधारण १४७ किलो सूत जास्त लागणार, वाया जाणारं वेगळं. जॉबर, वार्पर, डाइंग मास्तर, पॅकिंगच्या मावशी, स्टोअरकीपर यांतला एकही जण सकाळच्या मीटिंगमध्ये नव्हता.

म्हणून तोंड उघडण्याआधी कागदावर एकच प्रश्न लिहायचा: यामुळे कोणाच्या हातचं काम बदलतं? ती नावं झाली की निरोप त्यांनाच. बाकीच्यांना नाही सांगितलं तरी चालतं, किंबहुना सांगूच नये. ज्याचं काम बदलत नाही त्याला रोज पाच गोष्टी ऐकवल्या की सहावी, त्याच्या कामाची गोष्टही तो ऐकत नाही.

निरोप कसा असावा? असा:

“बदल क्रमांक १४. निळा बाथ टॉवेल, ७० बाय १४०.
काय: ४५० जीएसएमऐवजी ५००. धुऊन तयार नग ४९० ग्रॅम, डझन ५.८८ किलो. ४७५ ते ५०५ ग्रॅम चालेल.
कुठे: माग १ ते ८. बाकी माग आहेत तसेच.
कधीपासून: मंगळवार १२ तारीख, दिवसपाळी सुरू होताना.
चालू माल: आधी विणलेले नग वेगळ्या ट्रॉलीत, पिवळी चिठ्ठी लावून. डाइंगलाही वेगळा लॉट. नव्या मालात मिसळायचे नाहीत.
कारण: माल हॉटेलात जाणार, रोज धुलाई आहे, पातळ टॉवेल टिकत नाही.
शंका आली तर: माग थांबवा, पाळीच्या सुपरवायझरला विचारा. अंदाजाने चालवू नका.”

(४७५ ते ५०५ ही रेंज खरेदीदाराने तीन टक्के वर-खाली मान्य केलं असेल तर. तुमच्या ऑर्डरवर जे असेल ते लिहा, पण आकडा लिहाच. “साधारण ४९०” या शब्दाचा अर्थ प्रत्येक टेबलावर वेगळा होतो.)

यातली सगळ्यात जास्त विसरली जाणारी ओळ “चालू माल” ही. नवीन काय करायचं ते सगळे सांगतात. मागावर निम्मा झालेला नग, ट्रॉलीत पडलेला माल, डाइंगला गेलेला लॉट, शिलाईच्या टेबलाखालचा ढीग यांचं काय करायचं ते कुणी सांगत नाही. मग मुकादम आपल्या डोक्याने ठरवतो आणि तो एकच गोष्ट ठरवतो: मिसळून टाकू, कळणार नाही. कार्टनात दोन वजनांचे टॉवेल निघाले की खरेदीदाराकडे पूर्ण लॉट अडकतो. एखाद्या दिवशी घाई असेल आणि दोनच ओळी लिहायला वेळ असेल तर “काय” आणि “चालू माल” या दोन लिहा.

कारणाची ओळ अनेक मालकांना आवडत नाही. धंद्याची गोष्ट खाली कशाला, असं त्यांना वाटतं. खरेदीदाराचं नाव किंवा भाव सांगायची गरज नाही, पण कारण माहीत असलं की “चालेल की नाही” अशा बाबतीत माणूस बरोबर निर्णय घेतो. “हेम (कडेची दुमडून शिवलेली पट्टी) दोन सेंटिमीटर” एवढंच सांगितलं तर शिलाईतली ताई १.८ ला पण सोडते आणि २.२ ला पण. “हेममध्ये खरेदीदाराचं लेबल बसवायचंय, पट्टी अरुंद झाली तर लेबल बाहेर येतं” असं सांगितलं तर ती स्वतःच ठरवते की थोडी जास्त चालेल, कमी चालणार नाही. एका वाक्याने शंभर प्रश्न वाचतात. मात्र कारण खरं असावं. “खरेदीदार कडक आहे” हे कारण नव्हे, ती धमकी आहे.

वेळेचे शब्द हा आपल्या भाषेतला जुना सापळा. “परवा” म्हणजे होऊन गेलेला की येणारा, हे क्रियापद ऐकल्याशिवाय कळत नाही आणि मागांच्या खडखडाटात क्रियापदच बुडतं. हिंदीत बोललात तर “कल”चं तेच. रात्रपाळीसाठी “आज” आणि “उद्या” हे शब्दच बाद करा. रात्री आठला आलेल्या माणसाचा “आज” मध्यरात्री संपत नाही, तो सकाळी घरी जाऊन झोपेपर्यंत चालू असतो. “उद्यापासून” म्हटलं की तो रात्री बारापासून समजेल, किंवा पुढच्या पाळीपासून, त्याच्या मर्जीप्रमाणे. वार, तारीख आणि पाळी, तिन्ही. रात्रपाळीत हमखास चुकतं असं तुम्ही लिहिलंत त्यातल्या बऱ्याच चुका इथल्या असण्याची शक्यता आहे.

आकड्यांचंही तसंच. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत मराठी माणूससुद्धा गोंधळतो, घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्याला तर दोष देऊच नका. मागाचा, बीमचा, लॉटचा नंबर एकेक अंक सुटा बोला: सहा-नऊ, सात-नऊ. पावणेदोन, सव्वादोन, अडीच हे बाजारात ठीक, मापात नको. पावणेदोनमधला “दोन” तेवढा ऐकू येतो. फळ्यावर १.७५ लिहा आणि तोंडानेही “एक पॉइंट सात पाच” म्हणा.

आता निरोप पोहोचला की नाही हे कसं ओळखायचं. “समजलं का?” या प्रश्नाला जगात एकच उत्तर आहे: हो. “अर्थमैंदा?” विचारलं तरी तेच, “समझे क्या?” विचारलं तरी तेच. मान हलवणं म्हणजे साहेब बोलतायत हे ऐकू आलं, एवढाच अर्थ. त्याऐवजी विचारा, “अण्णा, पाच नंबरवर आता काय वेगळं होणार?” “अक्का, पिवळ्या चिठ्ठीचा ढीग कुठे ठेवणार?” उत्तरात आकडा आणि जागा आली तर निरोप पोहोचला. नाही आली तर त्याला रागावू नका, तुमचं वाक्य बदला. चौघांनी एकच चूक सांगितली तर चूक चौघांची नसते.

“ओके” या शब्दावर तर अजिबात भरवसा नको. २७ मार्च १९७७ ला तेनेरिफच्या विमानतळावर धुक्यात दोन जम्बो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. एका वैमानिकाने “आम्ही आता उड्डाणाच्या स्थितीत” अशा अर्थाचं संदिग्ध वाक्य बोललं, कंट्रोल टॉवरने “ओके” म्हटलं आणि किंचित थांबून “उड्डाणासाठी थांबा, मी बोलावतो” असं जोडलं. त्याच क्षणी दुसऱ्या विमानाचंही बोलणं सुरू झालं आणि हे जोडलेलं वाक्य रेडिओच्या शिट्टीत बुडालं. कॉकपिटमध्ये स्वच्छ ऐकू आला तो “ओके”. त्यानंतर विमान वाहतुकीत ठरावीक शब्द आणि आदेश जसाच्या तसा उलट म्हणून दाखवणं यावर भर आला. आपल्याकडे विमानं नाहीत, टॉवेल आहेत, पण ग्रुपवरचा अंगठा आणि तो “ओके” एकाच जातीचे. नियम करा: बदलाच्या निरोपाला अंगठा चालणार नाही. उत्तरात माग नंबर आणि नवीन आकडा लिहायचा. “१ ते ८, ४९०, जुना माल वेगळा.” बस.

बोलायची जागाही ठरवा. मागांच्या खात्यात आवाज ९० डेसिबलच्या वर असतो, हातभर अंतरावर उभं राहूनही ओरडावं लागतं. तिथे काम करणारे ओठ आणि हात बघून समजून घेतात. “थांब”, “सूत तुटलं”, “जॉबरला बोलाव” इतकं त्यात भागतं. वजन, तारीख, चालू माल हे भागत नाही. माणसाला दोन मिनिटं दाराबाहेर आणा. माग तेवढा वेळ शेजारचा बघेल. जे दोन मिनिटं वाचवायला जातात ते दुसऱ्या दिवशी दोन तास उसवत बसतात. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर गेला की दुपारी तीनला पत्र्याखाली उभं करून काही सांगू नका. माणूस पाण्याच्या माठाकडे बघत असतो. तेच सकाळी पाळी लागताना किंवा चहानंतर सांगा.

पाळीच्या सुरुवातीची मीटिंग दहा मिनिटं, उभ्याने, जास्तीत जास्त तीन मुद्दे. सुरक्षेचं काही असेल तर ते पहिलं, मग आजचा बदल, मग माल कधी जायचाय. कालच्या चुकांची हजेरी तिथे घेऊ नका. चारचौघांत एकाला झापलं की बाकीचे पुढची दहा मिनिटं मान खाली घालून उभे राहतात आणि त्यानंतरचं काहीही कुणाच्या डोक्यात शिरत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल जरा सविस्तर, कारण घाण तिथेच जास्त साचते. दोन ग्रुप करा. एक फक्त बदलांचा, त्यात अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल असं सेटिंग. उत्तरं सुपरवायझरच्या नंबरवर येतील. दुसरा गप्पांचा, त्यात गुड मॉर्निंग, वाढदिवस, गड्ड्याच्या (सिद्धेश्वरांच्या) यात्रेचे फोटो, जे काय असेल ते. एकाच ग्रुपवर सगळं चाललं की बदल क्रमांक १४ हा सिद्धेश्वरांच्या फोटोखाली आणि कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिकेवर अडकतो, आणि वर सरकवून तो शोधणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

चुकलेला मेसेज दुरुस्त करू नका. व्हॉट्सअ‍ॅप पाठवल्यावर पंधरा मिनिटं मजकूर बदलू देतं, पण ज्याने पहिल्याच मिनिटाला वाचला तो पुन्हा उघडून बघत नाही. त्याच्या डोक्यात जुना आकडा, तुमच्या फोनवर नवा, आणि भांडणात तुम्ही तोंडावर पडता. “बदल क्रमांक १४ रद्द. त्याऐवजी १५” असा नवा मेसेज टाका. क्रमांक त्यासाठीच. निळ्या टिका म्हणजे उघडलं, एवढंच. वाचलं असंही नाही.

व्हॉइस नोट लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी चांगली, पण अर्ध्या मिनिटाची, आणि तिच्याबरोबर आकड्यांचा फोटो. तीन मिनिटांची व्हॉइस नोट मागाजवळ ऐकू येत नाही, घरी ऐकायला वेळ नसतो, आणि नंतर त्यातला आकडा शोधायला पुन्हा पूर्ण ऐकावी लागते. मालकांच्या व्हॉइस नोटा तशाच पुढे पाठवणं हा तर कामचुकारपणा आहे. ऐकून, अर्थ लावून, शंका मालकांना विचारून मग तुमच्या शब्दांत एकच निरोप खाली गेला पाहिजे. तुमच्या पगाराचा निम्मा भाग या कामाचा आहे.

नमुना शब्दांपेक्षा भारी. हेम, बॉर्डर, लेबलची जागा, घडी हे सांगू नका, लटकवा. मंजूर नगावर सही, तारीख, ऑर्डर नंबर आणि मापाच्या जागी लाल धाग्याची खूण. दोन गोष्टी सांभाळा. नवा नमुना लागला की जुना त्याच हाताने काढायचा, नाहीतर तीन ऑर्डरींचे नमुने एका खिळ्यावर लोंबतात आणि प्रत्येक जण आपल्या सोयीचा बघतो. आणि शेडचा नमुना ट्यूबलाइटखाली मंजूर करायचा नाही. ट्यूबखाली जुळलेले दोन निळे रंग उन्हात वेगळे दिसू शकतात. लाइट बॉक्स (ठरावीक प्रकाशात रंग बघायची पेटी) असेल तर तो, नाहीतर दिवसा सावलीत, आणि दोन्ही पाळ्यांनी त्याच पद्धतीने बघायचं. रात्रपाळीला उन्हं कुठून आणणार? म्हणून शेडचा निर्णय रात्री घ्यायचाच नाही, हेही लिहून ठेवा.

फळ्याबद्दल इतकंच की वर आजची तारीख असावी आणि तो रोज पुसण्याचं काम एका नावावर असावं. शिळा फळा भिंतीसारखा दिसतो, कुणी वाचत नाही.

पाळी बदलण्याची वेळ ही सगळ्यात नाजूक. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या फलाटावर स्फोट होऊन १६७ जण मेले. दिवसा एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढून तात्पुरतं झाकण लावलेलं होतं. रात्रपाळीपर्यंत ती गोष्ट पोहोचली नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हाच चालू केला. कागद होता, पण कागद ठेवून जाणं आणि समोरच्याला सांगणं यातलं अंतर माणसांच्या जिवाएवढं निघालं. आपल्याकडेही माग उघडा ठेवून जॉबर घरी गेला, पट्ट्यावरचं संरक्षक जाळीचं कव्हर काढलेलं आहे, डाइंगच्या टाकीत अर्धं मिश्रण आहे, अशा गोष्टी पाळीच्या सांध्यातच घात करतात.

त्यासाठी दोन पाळ्यांचे सुपरवायझर दहा ते पंधरा मिनिटं एकत्र हवेत. त्या वेळेचे पैसे द्या. फुकट थांबायला सांगितलं तर जाणाऱ्याचा डबा आधीच पिशवीत गेलेला असतो. ऑफिसात बसून रजिस्टरवर सह्या नकोत, दोघांनी मागांच्या रांगेतून चालत जायचं. जाणारा बोलतो: कोणता माग बंद आणि का, कोणतं कव्हर काढलेलं, कोणता बीम किती उरलाय, आज कोणता बदल झाला, कोणत्या मालाचा निर्णय बाकी आहे. येणारा उलट म्हणून दाखवतो, मग सही. बंद मागावर लाल पट्टी आणि त्यावर बांधणाऱ्याचं नाव. ती पट्टी त्यानेच सोडायची, किंवा तो नसेल तर त्याला फोन करून, स्वतः तपासून सुपरवायझरने. “काही विशेष नाही” हे वाक्य रजिस्टरमध्ये चालू देऊ नका. आठ दिवस सलग “विशेष नाही” लिहिलं असेल तर आठही दिवस कुणी बघितलेलं नाही.

मुकादमांकडे वळतो. निरोप तुमच्याकडून मुकादमाकडे, तिथून विणकराकडे, तिथून हेल्परकडे जाताना प्रत्येक पायरीला काहीतरी सांडतंच. पण काही मुकादम मुद्दाम सांडतात. माहिती आपल्याकडे राहिली की लोक आपल्याला विचारतात, हे त्यांना कळलेलं असतं. त्यांना बाजूला काढून थेट खाली सांगू लागलात तर ते दुखावतात आणि मग तुमचा कुठलाच निरोप टिकत नाही. मधला रस्ता असा: मुकादमांना अर्धा तास आधी सांगा, त्यांच्या शंका ऐका, त्यातून वाक्य सुधारा, आणि लोकांना त्यांच्याच तोंडून सांगायला लावा. मग दिवसात तीन माणसांना चालता चालता विचारा, आणि ती तीन माणसं साखळीच्या शेवटची हवीत: कांडीवाल्या मावशी, ट्रॉली ओढणारा पोरगा, घडी घालणारी ताई. मुकादमाला विचारून काही कळत नाही, त्याला तर तुम्हीच सांगितलंय. तिघांपैकी दोघांना माहीत नसेल तर निरोप गेलाच नाही असं धरून पुन्हा सुरू करा.

वाईट बातमीचे नियम थोडे वेगळे. सुताचे भाव वाढले म्हणून एक पाळी कमी होणार, पीस रेट बदलणार, बोनसची तारीख पुढे जाणार, अशी बातमी ऑफिसातून बाहेर पडायला एक चहा पुरतो. त्यामुळे मुकादम आणि कामगार यांना सांगण्यात तासांचं अंतर चालतं, दिवसाचं नाही. पगाराच्या दिवशी सांगू नका आणि सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी तर नकोच, कारण मग लोक दोन दिवस एकमेकांना विचारून उत्तरं तयार करतात. तीन गोष्टी बोला: काय ठरलंय, काय अजून ठरलेलं नाही, आणि पुढचं कोणत्या दिवशी सांगणार. त्या दिवशी ठरलेलं नसलं तरी उभं राहून “अजून ठरलेलं नाही” असं सांगा. हा दिवस चुकवलात की नंतरचं खरंही कुणी धरत नाही. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत संक्रांतीच्या आसपास हजेरी घटणार हे सगळ्यांना माहीत असतं. तरी दरवर्षी कंटेनरची तारीख डिसेंबरच्या शेवटी जाहीर करून “सुट्टी मिळणार नाही” म्हणणारे कारखाने आहेत. ती तारीख दिवाळीनंतर लगेच सांगितली तर लोक आपसांत पाळ्या लावून घेतात.

खालून वर येणाऱ्या निरोपाची कसोटी तुमच्या पहिल्या वाक्यात आहे. विणकर येऊन म्हणाला, “साहेब, चाळीस नगांना पट्टी चुकली,” आणि तुम्ही “डोळे कुठे होते?” म्हणालात, तर पुढच्या वेळी चारशे नग होईपर्यंत तो येणार नाही. “बरं झालं लगेच सांगितलंत. किती नग, कोणता माग?” एवढंच म्हणा आणि मागापर्यंत चालत जा. चौकशी संध्याकाळी, दाराआड. प्रत्येक मागाला लाल कापड द्या. शंका आली की विणकराने ते वर टाकायचं, आणि त्याचे थांबलेले मिनिट पीस रेटमधून कापायचे नाहीत. पैसे कापणार असाल तर कापड देऊच नका, ते नुसतं लटकत राहील.

शेवटी तेलुगूचं. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १०८ मध्येच सांगितलेलं होतं की नोटीस इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत, दरवाजाजवळ ठळक जागी हवी. तेव्हा विचार योग्य आहे. पण घाईने छापून आणू नका. सोलापुरात तेलुगू माध्यमाच्या शाळा आहेत खऱ्या, तरी घरी तेलुगू बोलणारे कितीतरी जण मराठी शाळेत शिकलेत, त्यांना तेलुगू बोलता येतं, लिपी वाचता येत नाही. कन्नड आणि दखनी बोलणाऱ्यांचंही बऱ्याच प्रमाणात असंच. आधी एक छोटं काम करा. हजेरीच्या यादीत प्रत्येकाच्या नावापुढे दोन रकाने घाला: बोलायला कोणती भाषा सोपी, वाचायला कोणती. पाळी सुटताना विचारलं तर दोन दिवसांत भरतात. बऱ्याच ठिकाणी असं निघेल की कागद मोठ्या अक्षरात मराठीत, आकडे ठळक, सोबत चित्र किंवा नमुना, आणि तोंडी सांगणं तेलुगूत. ते सांगणारी व्यक्ती मुकादमच असली पाहिजे असं नाही. शिलाई खात्यात बहुधा एखादी अक्का असते जिचं सगळ्या बायका ऐकतात. तिला निरोप आधी द्या, ती कसा सांगते ते शेजारी उभं राहून ऐका, आणि ४९० हा आकडा तिच्या बोलण्यात ऐकू आला का तेवढं बघा.